आधी अंग तापवा, मग चेंडू फेका

रत्नागिरी, प्रतिनिधी -

श्रावणसरी विरळ होऊ लागल्या की जिल्ह्यातील शाळांमध्ये क्रीडा स्पर्धांची लगबग सुरू होते. मंडणगड, दापोली, खेड, गुहागर अशा तालुक्यांतून रत्नागिरीत येणाऱ्या मुलांनी पहाटेची एसटी पकडलेली असते. काही तास बाकावर अंग चोरून बसल्यानंतर ही मुले उतरतात, डबा उघडतात, बुटांचे बंद आवळतात आणि संघाचे नाव पुकारले की मैदानात धावत सुटतात. त्यातलाच एखादा मुलगा कडेला उभा राहून उजवा हात दोन-चार वेळा गरागरा फिरवतो आणि दुसऱ्याच क्षणी सारी ताकद एकवटून चेंडू फेकतो. 'वॉर्म-अप झाला का?' असे विचारले तर 'झाला, सर' हे उत्तर ठरलेले. त्याच्या लेखी ते दोन-चार फेरे म्हणजेच वॉर्म-अप!

खेळ कबड्डी किंवा खो-खो असेल तर अशा घाईची किंमत बहुधा घोट्याला वा मांडीच्या स्नायूला मोजावी लागते. बेसबॉलमध्ये ती खांद्याला आणि कोपराला मोजावी लागते, आणि मुलांच्या बाबतीत तर थेट वाढत्या हाडाला.

बेसबॉल हा काही कोकणच्या मातीत रुजलेला खेळ नव्हे. तरीही शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉलबरोबर बेसबॉलही आहे, आणि १४, १७ व १९ वर्षांखालील अशा वयोगटांत या स्पर्धा होतात. दहावी-बारावीला मिळणाऱ्या सवलतीच्या क्रीडा गुणांचे आकर्षणही पालकांना असते. ते लपवण्याचे कारण नाही. अडचण अशी की असा संघ अनेकदा घाईने उभा राहतो. शाळेच्या क्रिकेट संघातील वेगवान गोलंदाज पिचर होतो, खो-खोतील चपळ मुलगा शॉर्टस्टॉपला उभा राहतो, आणि भालाफेक करणाऱ्याला आउटफिल्डमध्ये धाडले जाते. 'जोरात फेकतो ना, मग झाले' हा निवडीचा निकष. त्या हाताला या खेळाची सवय आहे की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

क्रिकेटचा हात, बेसबॉलची फेक

क्रिकेटचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा, तर बेसबॉलचा १४२ ते १४९ ग्रॅमचा. चेंडू हलका, म्हणजे काम सोपे, असा मुलांचा समज होतो. फरक वजनात नसून फेकण्याच्या तऱ्हेत आहे. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ झाले की गोलंदाजी फेकी ठरते. त्यामुळे लहानपणापासून गोलंदाजाला हात सरळ ठेवून खांद्यावरून फिरवण्याची सवय लावलेली असते. बेसबॉलचा पिचर नेमके उलट करतो. त्याचे कोपर जवळजवळ काटकोनात वाकलेले असते, हात मागे इतका कलतो की कोपराखालचा भाग जमिनीला समांतर व्हावा, आणि तेथून तो आसुडासारखा पुढे येऊन कोपर झपाट्याने सरळ होते. जी हालचाल क्रिकेटच्या पंचाला खटकते तिच्यावरच बेसबॉलची सारी फेक उभी आहे!

या झटक्याचा वेग सांगितला तर अतिशयोक्ती वाटेल. प्रौढ व्यावसायिक पिचरच्या खांद्याचे आतल्या बाजूला वळणे सेकंदाला सुमारे ७००० अंशांच्या गतीने होते, असे प्रयोगशाळांतील मोजमापांत आढळले आहे. पुढचा पाय जमिनीवर टेकल्यापासून चेंडू बोटांतून सुटेपर्यंत सेकंदाचा जेमतेम सहावा-सातवा भाग जातो. शाळकरी मुलाचा वेग अर्थातच कमी असतो. पण त्याची हाडे, स्नायू आणि अस्थिबंधही तितकेच कोवळे असतात.

हात मागे कललेल्या त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर ताण येतो आणि बाहेरची बाजू दाबली जाते. आतल्या बाजूचा ताण पेलण्याचे काम एका लहानशा अस्थिबंधाकडे असते. प्रौढ पिचरमध्ये हा अस्थिबंधच फाटतो. अमेरिकेतील टॉमी जॉन या पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये शस्त्रक्रिया करून तेथे शरीरातीलच दुसरी कंडरा बसवली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. डॉक्टरपेक्षा रुग्ण प्रसिद्ध होण्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

मुलांमध्ये मात्र अस्थिबंधाआधी दुसरेच काहीतरी हार मानते. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते. तिच्यापासून नवे हाड तयार होते आणि हात लांब होतो. ही पट्टी शेजारच्या अस्थिबंधाहून कमकुवत असते. कोपराच्या आतल्या बाजूची पट्टी साधारणपणे १५ ते १७ वर्षे वयापर्यंत हाडात मिसळून जाते, मुलींमध्ये थोडी आधी. दंडाच्या वरच्या टोकाची, म्हणजे खांद्याजवळची, त्याहून उशिरा. तोवर तिच्यावर पुनःपुन्हा झटके बसले की ती सुजते, रुंदावते, क्वचित हाडाचा तुकडा घेऊन सुटते. वैद्यकशास्त्रात १९६० पासून या कोपरदुखीला 'लिटल लीग एल्बो' असे नाव आहे. लिटल लीग ही अमेरिकेतील मुलांच्या बेसबॉलची संघटना. एका आजाराला तिचे नाव चिकटावे, यातच प्रश्नाचे स्वरूप कळते.

फेक पायातून सुरू होते

मग वॉर्म-अपमध्ये हातच अधिक फिरवायला हवा, असे कोणी म्हणेल. येथेच बहुतेकांची गल्लत होते. चांगल्या फेकीची ताकद जमिनीतून येते. मागचा पाय जमीन रेटतो, पुढचा पाय ढांग टाकून रोवला जातो, खुबा वळतो, त्यामागून धड वळते, मग खांदा आणि सरतेशेवटी कोपर व मनगट. आंब्यावर दगड भिरकावणारे आपल्याकडचे कोणतेही पोर पाहा. ते एका जागी ताठ उभे राहून दगड मारत नाही. चार पावले मागे जाते, अंगाला पीळ देते आणि मगच हात सोडते. हे त्याला कोणत्याही प्रशिक्षकाने शिकवलेले नसते.

या साखळीतील एखादी कडी आखडलेली असली, की तिने करायचे काम पुढच्या कडीला करावे लागते. एसटीच्या बाकावर तीन तास बसून आलेल्या मुलाच्या जांघेचे आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. त्याची ढांग तोकडी पडते, खुबा पुरेसा वळत नाही, धड मागे राहते, आणि उरलेला वेग हाताला एकट्याने निर्माण करावा लागतो. ही थकबाकी अखेर कोपर फेडते. म्हणून पिचरच्या तयारीचा निम्म्याहून अधिक वेळ कमरेखाली खर्च झाला पाहिजे, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

वॉर्म-अप या शब्दाचा अर्थ शब्दशः घ्यावा. हलक्या हालचालीने स्नायूंकडे रक्त वाढते आणि त्यांचे तापमान वाढते. तापलेला स्नायू लवकर आकुंचन पावतो, कमी अडखळतो. मज्जातंतूंतील संदेश वेगाने धावतात. सांध्यातील वंगण पसरते. यातले काहीही हात चार वेळा फिरवून होत नाही. वेदनाशामक मलम चोळूनही होत नाही. मलमाने त्वचा चुणचुणते आणि गरम वाटते, आतला स्नायू होता तसाच राहतो. खेळाडूंच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीपेक्षा मलमाची नळी हमखास सापडावी, हे चित्र बदलायला हवे.

रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात आणखी एक फसगत होते. परदेशी पुस्तकांत 'हलका घाम येईपर्यंत धावा' अशी सूचना असते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात नुसते उभे राहिले तरी घाम येतो! दमट हवेतला हा घाम स्नायू तापल्याची खूण मानता येत नाही. श्वासाची गती वाढली आहे पण बोलताना धाप लागत नाही, ही त्यापेक्षा विश्वासार्ह खूण. याच हवामानामुळे वॉर्म-अप सावलीत करावा, तो लांबवू नये आणि आधी पाणी प्यावे.

पंधरा-वीस मिनिटांत काय करावे?

सुरुवात पाच मिनिटांच्या हलक्या धावण्याने करावी. त्यात सरळ धावण्याबरोबर मागे धावणे, बाजूला सरकत जाणे आणि एका पायापुढून-मागून दुसरा पाय टाकत आडवे धावणे असावे. बेसवरून बेसकडे झेपावणारा आणि जमिनीवरचा चेंडू अडवणारा खेळाडू निम्मा वेळ आडवाच हलत असतो. मैदानाला तीन फेऱ्या मारून हे साधत नाही.

त्यानंतर चालत्या-फिरत्या ताणांची पाळी. लांब ढांग टाकून मागचा गुडघा जमिनीजवळ न्यायचा आणि त्याच स्थितीत धड पुढच्या पायाच्या बाजूला वळवायचे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी सहा-सात वेळा. पिचिंगच्या ढांगेशी याहून जवळचा व्यायाम नाही. भिंतीला किंवा जोडीदाराच्या खांद्याला धरून पाय लंबकासारखा पुढे-मागे आणि मग आडवा झुलवायचा. उभ्याने वाकून हात जमिनीवर टेकवायचे, हातांनी पुढे चालत जाऊन जोर काढण्याच्या स्थितीत यायचे आणि मग पायांनी हातांकडे चालत यायचे. सुरवंटासारखी ही चाल मुलांना आवडते. मांडीचा मागचा भाग, पोट आणि खांदे असे तिन्ही एकदम कामाला लागतात. गुडघे-हातांवर ओणवे राहून एक हात मानेमागे ठेवायचा आणि ते कोपर आकाशाकडे वळवायचे. यामुळे पाठीचा वरचा भाग सुटा होतो. दप्तराच्या ओझ्याने आणि आता मोबाइलवर वाकून पाहण्याने हाच भाग मुलांमध्ये सर्वाधिक आखडलेला असतो.

आता कोठे खांद्याकडे यावे. खांद्याचा गोळा आणि त्याची खोबण यांचे नाते गोल्फच्या चेंडूसारखे आहे, असे शल्यचिकित्सक सांगतात: मोठा चेंडू लहानशा आधारावर तोललेला. तो जागच्या जागी ठेवण्याचे काम फऱ्याभोवतीचे छोटे स्नायू करतात. त्यांना जागे करण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खांबाला बांधावी. कोपर कमरेशी चिकटवून काटकोनात वाकवावे आणि पट्टी बाहेरच्या बाजूला सावकाश ओढावी, दहा-बारा वेळा. मग दोन्ही हातांनी पट्टी छातीकडे ओढताना दोन्ही फरे पाठीमागे एकमेकांजवळ आणावेत. जोर काढण्याच्या स्थितीत राहून, कोपरे न वाकवता, केवळ फरे खाली-वर करावेत. हे व्यायाम थकवण्यासाठी नाहीत. पट्टी ओढताना दात-ओठ खावे लागत असतील तर ती जाड आहे.

यानंतर चेंडू हातात घ्यावा, तोही जवळून. नऊ-दहा मीटरवरून निम्म्या जोराने दहा-बारा फेकी, मग पंधरा मीटरवरून तेवढ्याच, मग आणखी मागे सरकत. अंतर वाढते तसा जोर आपोआप वाढतो. तो ओढून-ताणून वाढवावा लागत नाही. पिचरने त्यापुढे माउंडवरून दहा-पंधरा चेंडू हळूहळू वाढत्या वेगाने टाकावेत. प्रौढांच्या खेळात माउंडपासून होम प्लेट १८.४४ मीटरवर असते, तर लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे अंतर सुमारे १४ मीटर ठेवलेले आहे. लहान मुलांना सरावातही मोठ्यांच्या अंतरावरून टाकायला लावणारे उत्साही मार्गदर्शक असतात. त्या अंतरावर चेंडू पोहोचवण्यासाठी मूल आपली सारी शैली मोडून टाकते.

ताण द्यायचा, पण केव्हा?

आमच्या पिढीने शाळेच्या मैदानावर जो वॉर्म-अप केला, त्यात रांगेत उभे राहून पायाचे अंगठे पकडायचे आणि सर तीसपर्यंत मोजेस्तोवर तसेच राहायचे, असा प्रकार असे. थंड अंगाने! प्रस्तुत प्रतिनिधीला त्यातले फक्त मांडीमागचे ओरखडल्यासारखे दुखणे आठवते. असे स्थिर ताण वाईट नाहीत, त्यांची वेळ चुकत होती. एकाच स्नायूला साठ सेकंदांहून अधिक काळ स्थिर ताण दिल्यास लगेचच्या काळात त्याची ताकद आणि उसळी किंचित घटते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. थोडा वेळ दिलेल्या ताणाने फारसे बिघडत नाही. पण मोठा भर खेळानंतर द्यावा, हे उत्तम. तेव्हा स्नायू तापलेले असतात आणि पुढे लगेच वेगाने काही करायचे नसते.

लवचिकता एका दिवसात येत नाही. प्रत्येक ताण वीस ते तीस सेकंद, दोन-तीन वेळा, आठवड्यातून निदान चार-पाच दिवस, असे काही आठवडे केले तर फरक दिसतो. यात खांद्याच्या मागच्या बाजूला अग्रक्रम द्यावा. चेंडू सुटल्यावर वेगात पुढे निघालेल्या हाताला लगाम घालण्याचे काम हे मागचे स्नायू करतात आणि प्रत्येक फेकीगणिक ते थोडे आखडतात. फेकणारा हात छातीसमोरून आडवा घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने कोपराजवळ धरून ओढायचा, हा त्यासाठीचा साधा ताण. एका कुशीवर झोपून खालचा हात हळूच आतल्या बाजूला दाबण्याचा दुसरा एक प्रकार प्रसिद्ध आहे. तो चुकीच्या कोनात केला तर खांद्याच्या पुढच्या भागाला टोचतो, म्हणून शाळकरी मुलांसाठी पहिलाच बरा.

उलट, फेकणारा हात मागे खेचून खांद्याची पुढची बाजू 'मोकळी' करण्याचा सोस टाळावा. दोन मुले एकमेकांचे हात पाठीमागून पकडून ओढतात, हे दृश्य कोणत्याही मैदानावर दिसते. लहानपणापासून फेकणाऱ्या खेळाडूंचे दंडाचे हाडच वाढताना किंचित पिळलेले राहते आणि तो हात मागे अधिक जातो. जो सांधा आधीच अधिक सैल आहे, त्याला आणखी सैल करून काय मिळणार?

खरी तपासणी घरच्या घरी होते. उताणे झोपावे, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला ठेवावा, कोपर काटकोनात वर. आता हात मागे किती कलतो आणि पुढे किती, हे दोन्ही बाजूंना पाहावे. फेकणारा हात मागे जास्त आणि पुढे थोडा कमी जाणारच. दोन्हींची बेरीज दुसऱ्या हाताइतकी असली की काळजी नाही. ही बेरीजच घटू लागली, तर खांदा आखडतो आहे.

सूर्यनमस्काराचा विषय येथे निघणे साहजिक आहे. औंधच्या राजेसाहेबांनी प्रचार केल्यापासून महाराष्ट्रातील शाळांत तो रुजला आणि क्रीडाशिक्षकांना तो तोंडपाठ असतो. पाठ, मांड्या, खांदे या सर्वांना तो चांगला ताण देतो आणि सलग घातले तर अंगही तापते. उणीव एवढीच, की त्यात शरीर पुढे आणि मागे वाकते, वळत मात्र नाही. पाच-सहा नमस्कारांनंतर वर सांगितलेले ढांग टाकून वळण्याचे आणि आडव्या पावलांचे व्यायाम जोडले, तर शाळेला वेगळे काही नव्याने शिकवावेही लागणार नाही.

याचा उपयोग होतो का?

होतो, आणि त्याला पुरावा आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे १९०० फुटबॉलपटू मुलींवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. धावणे, तोल, ताकद यांचा मेळ घातलेला वीस मिनिटांचा वॉर्म-अप करणाऱ्या संघांत गंभीर आणि अतिवापरातून होणाऱ्या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्या. बेसबॉलपुरते बोलायचे तर जपानचा दाखला अधिक जवळचा. तेथे प्राथमिक शाळेच्या वयाच्या दोनशेहून अधिक खेळाडूंवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. ताण, हालचाल आणि तोल यांच्या नऊ व्यायामांचा, सुमारे दहा मिनिटांचा कार्यक्रम वॉर्म-अपमध्ये घेणाऱ्या मुलांत खांदा-कोपराच्या दुखापती इतरांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आल्या. त्या नऊ व्यायामांत खुबा आणि पाठीचा वरचा भाग यांना मोठे स्थान होते, हे लक्षात घेण्याजोगे.

मात्र याच जपानकडून दुसरी बाजूही शिकावी लागते. कोशिएनच्या शालेय स्पर्धेत एकाच पिचरने दिवसामागून दिवस सामने ओढून नेणे, हा तेथे पराक्रम समजला जाई. अखेर २०२० पासून एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घालावी लागली. अमेरिकेत लिटल लीगने २००७ मध्ये इनिंगऐवजी चेंडू मोजण्यास सुरुवात केली. तेथील प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसात ८५ आणि १३-१४ वर्षांच्या मुलाने ९५ हून अधिक चेंडू टाकू नयेत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक चेंडू टाकले तर त्यापुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. पिचरला त्याच दिवशी कॅचर म्हणूनही उभे करू नये, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकत असतो. कितीही उत्तम वॉर्म-अप केला तरी तो थकलेल्या हाताचे रक्षण करू शकत नाही.

आपल्याकडे हा हिशेब आणखी किचकट होतो. शनिवार-रविवारी गावोगावी ओव्हरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा असतात. शाळेचा पिचर हाच वाडीच्या संघाचा प्रमुख गोलंदाज असतो. शाळेला रविवारची षटके माहीत नसतात आणि वाडीला सोमवारचा बेसबॉलचा सामना. कोपर मात्र दोन्हीकडचे एकच!

इतर खेळातून आलेला हात बेसबॉलमध्ये कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण भारतातच आहे. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू २००८ मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले आणि त्यांना पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाने करारबद्ध केले. तोवर त्यांनी बेसबॉल खेळलेलाही नव्हता. रिंकूने तेथील दुय्यम स्पर्धांत काही हंगाम गाजवले. पुढे दुखापतींनी त्याची वाट अडवली आणि तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

पावसाने दिलेली सुटी

पिचरने वर्षातून किमान चार महिने फेकण्यापासून दूर राहावे, आणि त्यातील दोन-तीन महिने सलग असावेत, असे तीच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अमेरिकी पालकांना ही सुटी मुलांकडून जबरदस्तीने घ्यावी लागते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात. मैदाने चिखलाने भरतात आणि हाताला आपसूक विश्रांती मिळते. आता छताखालच्या टर्फवर पावसातही क्रिकेट सुरू झाले आहे, ही गोष्ट वेगळी.

घोटाळा होतो तो सुटी संपताना. दोन-अडीच महिने न फेकलेला हात पाऊस उघडताच आठवडाभरात सामन्याच्या वेगाला जुंपला जातो. त्यात मधल्या काळात मुलाची उंची वाढलेली असते. वाढीच्या उसळीत हाडे आधी लांबतात, स्नायू मागाहून त्यांना गाठतात. टाचा आणि गुडघे दुखण्याच्या तक्रारी याच काळात येतात. जून-जुलैत जी मांडी सहज ताणली जात होती, ती सप्टेंबरमध्ये दोरीसारखी ताठ झालेली आढळते. तेव्हा स्पर्धेच्या वेळापत्रकावरून महिनाभर मागे मोजावे आणि शाळेच्या पडवीत वा सभागृहात तयारी सुरू करावी. पहिला आठवडा केवळ पाय, खुबा, पाठ आणि ट्यूबची पट्टी. दुसऱ्या आठवड्यात दिवसाआड जवळच्या अंतरावरून हलक्या फेकी. तिसऱ्यात अंतर वाढवावे. चौथ्यात माउंडवरून, तेही निम्म्या संख्येने. यासाठी मैदान कोरडे होण्याची वाट पाहावी लागत नाही.

या काळात किंवा सामन्यात कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले, दंडाच्या वरच्या टोकाशी कळ येऊ लागली, कोपर पूर्ण सरळ होईना, किंवा नेम आणि वेग अकारण घसरला, तर फेकणे त्याच दिवशी थांबवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. फेकल्यानंतर स्नायूंत येणारा बोथट थकवा एक-दोन दिवसांत जातो. सांध्यापाशी बोट ठेवून दाखवता येणारे दुखणे वेगळे. मुले ते सांगत नाहीत, कारण संघातून वगळले जाण्याची भीती असते. मूल दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेऊ लागले, जेवताना हात अवघडल्यासारखा धरू लागले, तर ते घरच्यांच्याच नजरेला आधी पडते.

स्पर्धेच्या दिवसाचे गणित त्यावरून मांडता येते. एसटीतून उतरल्यावर प्रथम पाणी आणि पाच मिनिटे नुसते चालणे. सामन्याच्या अर्धा तास आधी वॉर्म-अप सुरू, शेवटची फेक सामना सुरू होण्याच्या पाच-सात मिनिटे आधी. आपला संघ बराच वेळ बॅटिंग करत असेल तर पिचरने बाकावर बसून राहू नये. पुन्हा माउंडवर जाण्यापूर्वी थोडे धावावे, पट्टी ओढावी, चार-पाच हलक्या फेकी कराव्यात. सामना संपल्यावर परतीच्या गाडीची घाई असते, तरी मांड्या, जांघ, पाठ आणि खांद्याची मागची बाजू यांना दहा मिनिटे द्यावीत. गुण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत आणखी एक रकाना आखावा: पिचरचे नाव, आज टाकलेले चेंडू, आणि आदल्या दोन दिवसांत कोठेही टाकलेली षटके.